एक बिल्ला, एक माणूस

लाईट गेली ते बरंच झालं. नाहीतर तुम्ही कुठले या म्हाताऱ्याजवळ येऊन बसताय! एरवी हाक मारली तर मोबाईलमधून मान वर न करता 'हं हं' करता. आता बॅटऱ्या संपल्या तेव्हा आली वरात गच्चीवर. बसा. चष्मिस, तू तिकडे जिन्याच्या दाराला टेक. म्हणजे खालून कोणी आलं तर आधी तुला कळेल, आम्हाला पळायला वेळ मिळेल. बडबडे, तू माझ्याजवळ. हात पुढे कर, गोळी देतो.

अगं, किंचाळतेस काय! रबराची पाल आहे. माझ्या खिशात काय काय असतं ते तुमच्या काकूलापण माहीत नाही. विचारू नका, वेळ आली की एकेक काढीन.

काय म्हणालीस? माझं सगळं खोटं असतं? असू दे की. माझं खोटं तुमच्या शाळेतल्या इतिहासापेक्षा बरं लक्षात राहतं. पण ही गोष्ट माझी नाहीच. ही माझ्या साडूची. साडू म्हणजे कोण, आहे का माहीत? बायकोच्या बहिणीचा नवरा. एकाच सासऱ्यानं फसवलेले आम्ही दोघं, म्हणून आमचं जमतं. तुम्ही पाहिलंय त्याला, डाव्या पायानं लंगडतो तो. गॅसकटर आहे. काकू जसा टोमणा मारते ना, एका दमात, सरळ रेषेत, तसं तो लोखंड कापतो.

गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेनऊ. साडू जेवून हात धूत होता, तर त्याची आई आतून म्हणाली, "अरे, धाकटा पंप विसरून गेला बघ."

धाकटा म्हणजे साडूचा भाऊ. त्याला जन्माचा दमा. जिना चढला तरी छातीत शीळ वाजायची. आपण पिक्चर बघत बसलो आणि हा मागं आला, तर न बघता कळायचं कोण आलंय. आणि एवढा दमेकरी, पण छंद कसला? बंद पडलेले कारखाने, तळघरं, जमिनीखालचे बोगदे शोधायचे, आत शिरायचं आणि व्हिडिओ काढायचे. म्हणून सगळे त्याला उंदऱ्या म्हणायचे. लोक बघतात म्हणे ते व्हिडिओ. लोक काय, रस्त्यावरची भांडणंसुद्धा बघतात.

"आई, तो काय पाळण्यात आहे का? येईल घरी तेव्हा घेईल," साडू म्हणाला.

"धुळीत गेलाय तो. छाती भरली म्हणजे? तू दादा ना त्याचा? जा, देऊन ये. मी दूध तापवून ठेवते."

आईनं दूध तापवते म्हटलं की वाद संपतो. संध्याकाळीच साडूनं औषधांच्या दुकानातून नवा पंप आणला होता, वरचं प्लास्टिकसुद्धा फाडलं नव्हतं. तो खिशात टाकला, स्कूटर काढली. एवढंच काम. जायचं, पंप द्यायचा, दोन शिव्या द्यायच्या आणि परत यायचं.

पण उंदऱ्या गेला होता कागदाच्या कारखान्यात.

तो कारखाना शहराच्या अगदी पोटात आहे. आमचे सासरे, म्हणजे माझे आणि साडूचे, जन्मभर तिथेच कामाला. त्यामुळे जेवताना आम्हा जावयांना भाजी कमी आणि कारखाना जास्त वाढायचे. कागद कसा होतो माहीत आहे? चिंध्या, गवत, भुसा, सगळं मोठाल्या टाक्यांमध्ये कॉस्टिक सोडा घालून उकळायचं. उकळून झालं की ते कढत पाणी बोगद्यात सोडून द्यायचं. विटांचा बोगदा, माणूस वाकून चालेल एवढा, तुमच्याआमच्या घरांखालून थेट नदीला जातो. चष्मिस, पाय वर कशाला घेतलेस? तू चौथ्या मजल्यावर आहेस.

तर त्या बोगद्याच्या भिंतींवर लगद्याचा थर बसायचा. तो खरवडायला माणसं आत जायची, लांब दांड्याची लोखंडी खोरी घेऊन. बोगद्याच्या तोंडाला झडप होती. भिंतीएवढी जाड, लोखंडी, वरून खाली पडणारी. बाजूला ती फिरवायचं चाक आणि चाकाशेजारी एक आकडा. आत जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला त्या आकड्याला अडकवायचा आणि मगच डोकं आत घालायचं. बाहेर आला की ज्याचा त्यानं, आपल्या हातानं काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला मालकानंसुद्धा हात लावायचा नाही. आकड्यावर बिल्ला आहे म्हणजे आत माणूस आहे. मग झडप पडायची नाही आणि पाणी सुटायचं नाही. सासरे बोट नाचवून सांगायचे, "एक बिल्ला, एक माणूस. लक्षात ठेवा जावईबापू." जसं काही आम्ही दुसऱ्या दिवसापासून बोगदे खरवडणार होतो!

आणि मग एक रात्र सांगायचे. ती सांगताना बोट नाचायचं नाही.

त्या रात्री सगळे खरवडून बाहेर आले. शेवटचा हात फिरवायला मुकादम एकटा आत राहिला. सुपरवायझरला घाई झाली होती. त्यानं आकड्यावर मुकादमाचा एकटा बिल्ला बघितला. म्हणाला, "विसरला असेल, आहेच विसराळू." बिल्ला काढून खिशात घातला. झडप पाडली. पाणी सोडलं.

आतून आवाज यायला लागला. खोऱ्यानं झडपेवर मारल्याचा. ठण. ठण. ठण. सगळ्यांनी ऐकला. सगळे चाकाला जाऊन लटकले, पण आतून पाण्याचा रेटा, चाक हलेना. सासरे तिथेच होते. ते म्हणायचे, माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं. नुसतं ठण ठण... आणि मग तेही नाही.

सकाळी झडप उघडली. खोरं सापडलं. खोऱ्याच्या दांड्याला हातांची कातडी घट्ट बसलेली होती, हातमोज्यासारखी, नखांसकट. बाकीचा मुकादम नदीला गेला.

थोड्याच दिवसांनी सुपरवायझर त्याच झडपेखाली सापडला. धड अलीकडे, डोकं पलीकडे. आणि आकड्यावर मुकादमाचा बिल्ला परत अडकवलेला. कोणी अडकवला? देव जाणे. पण त्यानंतर त्याला कोणी शिवलं नाही. कारखाना बंद पडला, छपराचे पत्रे चोरीला गेले, खिडक्या गेल्या. बिल्ला मात्र तिथेच.

हे सगळं साडूला पाठ होतं. म्हणून तळघराचा जिना उतरल्याबरोबर त्यानं आधी मोबाईलची बॅटरी आकड्यावर मारली.

आकडा रिकामा होता.

भिंतीवर इतक्या वर्षांची काजळी. आणि मधोमध बिल्ल्याएवढा एक स्वच्छ गोल. नुकताच काढलेला. झडप वर होती, गंजून काळी झालेली. खाली बोगद्याचं तोंड उघडं.

"ए उंदऱ्या!"

आतून पहिल्यांदा काहीच नाही. मग ती शीळ. छातीतली. घर्रर्र... स्सी... घर्रर्र... स्सी...

"दा... दा..."

शहाणा माणूस तिथूनच पळाला असता. मीपण पळालो असतो, खोटं कशाला बोलू. पण आत भाऊ होता, त्याचा श्वास अडकला होता आणि श्वास साडूच्या खिशात होता. साडूनं गळ्यातलं आपल्या वर्कशॉपचं ओळखपत्र काढलं. तेच ते, फोटोत तो पकडलेल्या चोरासारखा दिसतो ते. नाडीसकट आकड्याला अडकवलं. एक बिल्ला, एक माणूस. भावासाठी दुसरा बिल्ला कुठून आणायचा? हे त्याच्या डोक्यात आलं. पण शीळ थांबत चालली होती. तो वाकला आणि आत शिरला.

आत घोट्याएवढं पाणी. भिंतींना डांबरासारखा चिकट थर. वरून थेंब. थोडा पुढे गेला तर समोरून उजेड हलत आला. उंदऱ्याचा दोस्त होता, त्याच्याबरोबर फिरणारा कॅमेरावाला. डोक्याला पट्ट्यानं कॅमेरा बांधलेला, त्याचा दिवा. हसतोय असं वाटलं साडूला. जवळ आला तेव्हा कळलं, तो रडत होता.

उजवा हात त्यानं डाव्या हातानं धरला होता. उजव्या हाताला अंगठा होता. बाकी बोटं नव्हती.

"दिला मी परत," कॅमेरावाला म्हणाला. "आठवण म्हणून घेतला होता... नुसता आठवण म्हणून... दिला ना मी... घेतला त्यानं, बोटांसकट घेतला... तरी तो..."

पुढचं बोलता आलं नाही. त्याच्या मागून अंधारातून खोरं आलं. नुसतं खोरं. लांब दांडा, लोखंडी पातं. सावकाश आलं, जसं कोणी शांतपणे काम करतंय. खांद्यावरून पुढे आलं. हनुवटीखाली बसलं. आणि ओढलं.

जबडा मोडल्याचा आवाज झाला. उसाचं कांडं मोडल्यासारखा. कॅमेरावाला पाठीवर पडला आणि फरफटत मागे गेला. पाण्यातून. भिंतीवर आपटत. एकदा या बाजूला. एकदा त्या. प्रत्येक आपटण्याला डोक्यावरचा दिवा छतावर नाचत होता. रक्ताचा फवारा दिव्यासमोरून गेला तेव्हा सगळा बोगदा लाल दिसला. मग खरवडल्याचा आवाज. खर्र. खर्र. थर काढतात तसा. फक्त हा थर हाडावरचा निघत होता.

दिवा गेला.

बडबडे, हात सोड. नखं रुततायत.

साडू थिजला होता. पण हाताशीच, भिंतीतल्या एका खाचेतून, शीळ आली. घर्रर्र... स्सी... त्यानं मोबाईल फिरवला. उंदऱ्या खाचेत अंग चोरून बसला होता. डोळे बाहेर आलेले. ओठ निळे.

साडूनं पंप काढला. दातांनी प्लास्टिक फाडलं. पंप त्याच्या हातात कोंबला.

फुस्स.

फुस्स.

शीळ जरा सैल झाली. "ऊठ," साडू पुटपुटला. मनगट धरलं. ओढत निघाला.

मागं आवाज सुरू झाला.

ठण.

ठण.

पायाखालचं पाणी कोमट झालं. मग गरम. भिंतींमधून वाफ यायला लागली. तिथे टाक्यांत काही नाही हो, कित्येक वर्षांत काही नाही. तरी वाफ. कॉस्टिकचा वास. डोळ्यांची आग. साडू धावत होता, वाकून, आपटत. मोबाईल पाण्यात पडला. अंधार.

हात सुटला.

"उंदऱ्या!"

चाचपडला. भिंत. पाणी. भिंत.

मनगट सापडलं.

ओलं होतं. गरम होतं. चिकट. साडूला वाटलं रक्त असेल. धरलं, ओढलं. समोर तोंडाशी फिकट उजेड, पत्रे नसलेल्या छपरातून जिन्यावर उतरलेलं चांदणं. आणि वरून गंजाचा पाऊस. झडप हलली होती. खाली येत होती.

"आधी तू! वाक! वाक!"

त्यानं भावाला पुढे लोटलं. पाठीत गुडघा घालून लोटलं. मग स्वतः. छाती. कंबर. एक पाय.

झडप पडली.

डाव्या पायाचा बूट झडपेखाली राहिला. बुटाच्या पुढच्या टोकात जे असतं, तेपण राहिलं. म्हणून लंगडतो तो.

साडू जमिनीवर ओरडत पडला होता, आणि झडपेच्या आतून कोणीतरी हातांनी मारत होतं. खोऱ्यानं नाही... हातांनी. तळव्यांनी. जोरात. मग हळू. साडूला वाटलं, कॅमेरावाला जिवंत आहे. तो एका पायावर उठला, चाकाला लटकला. चाक गंजून दगड झालेलं. तसूभर हललं नाही. आत पाणी सुटल्याचा आवाज झाला. मोठा. लांबून जवळ येणारा.

मारणं थांबलं.

आकड्यावर साडूचं ओळखपत्र जसंच्या तसं होतं. त्यानं ते स्वतःच्या हातानं काढलं. सवयीनं. सासऱ्यांनी बोट नाचवून शिकवलं होतं ना.

उंदऱ्या जिन्याच्या पायरीवर बसला होता. गप्प. धापा नाहीत, शीळ नाही. साडूच्या पायातून रक्त वाहतंय त्याकडे तो बघत होता.

"चल दादा," तो म्हणाला. "भूक लागली."

...

पुढे काय? पोलीस आले, आगीचा बंब आला. झडप कोणाला उचलेना. म्हणाले, ही कित्येक वर्षं बंद आहे, इथून कोणी आत गेलंच नसणार. नदीकडून माणसं घातली तर मध्येच छत खचलेलं. कॅमेरावाला दोन दिवसांनी बोगद्याच्या नदीकडच्या तोंडाशी मिळाला. त्याच्या बापानं त्याला पट्ट्याच्या बकलावरून ओळखलं. ओळखायला दुसरं काही नव्हतं. अंग शिजलेलं, हाडं खरवडून स्वच्छ केलेली. कागदोपत्री लिहिलं, गटारातल्या गॅसचा स्फोट. गॅसवर काहीही ढकलता येतं. तुमची काकूपण माझ्या पोटातल्या गॅसवर सगळं ढकलते.

हसा, हसा. अजून संपलं नाही.

उंदऱ्या घरी होता. त्याला काही आठवत नव्हतं. आणि त्या रात्रीपासून त्याचा दमा गेला. एकदा खोकला नाही. साडूची आई सगळ्यांना सांगत फिरायची, "गुण आला हो माझ्या लेकराला. ऐकायला कान लावला तरी छातीत आवाज नाही." मीपण म्हणालो, चला, एवढी किंमत मोजली, निदान दमा तरी गेला. फक्त साडूची बायको एकदा आमच्या हिला म्हणाली, "ताई, भावजींच्या छातीत शीळ नाही हे खरं. पण नुसता श्वासपण ऐकू येत नाही गं."

आम्ही हसण्यावारी नेलं.

आता या आठवड्यात कारखाना पाडायला घेतला. भंगारवाल्याला ती झडप हवी. कापणार कोण? गॅसकटर. साडूनं काम स्वतः मागून घेतलं. आपला बूट आणि बोटं नेणाऱ्या झडपेवर गॅस मारायची संधी कोण सोडेल? मला म्हणाला, "तुकडे करतो तिचे." बुधवारी दुपारी त्यानं ती कापली. भरदिवसा, चार माणसांसमोर. झडप आडवी पडली.

मला फोन आला. पहिल्यांदा नुसता श्वास. मग म्हणाला, "आमच्या घरी जा."

"का रे?"

"जा. तो आहे का बघ."

मी गेलो. दार त्याच्या आईनं उघडलं. आत उंदऱ्या जेवत होता. ताटात खाली मान. माझी चाहूल लागली तशी वर बघितलं, तोंड पुसलं. अगदी त्याचाच चेहरा. गोड हसला.

"काका," म्हणाला, "दादा तिकडे काय शोधतोय?"

मी म्हणालो, काही नाही रे, भंगार. आणि आलो. वाटेत दोनदा चप्पल निघाली पायातून, घ्यायला थांबलो नाही.

आता कळलं, साडू चार दिवस आपल्याकडे का झोपतो? तुम्हाला वाटलं बायकोशी भांडला. बायकोला आणि पोरांना त्यानं माहेरी पाठवलं. आईला मात्र हलवता येईना. ती म्हणते, "माझ्या लेकराला एकटं टाकून कशी येऊ? आत्ता कुठे बरं वाटायला लागलंय त्याला." तिला काय सांगायचं? तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेले. साडू रोज मला विचारतो, मी रोज म्हणतो उद्या बघू.

झडपेमागे काय होतं?

हाड नव्हतं. चिंधी नव्हती. झडपेला अगदी खेटून, आतल्या बाजूला, एक वस्तू होती. कढत पाण्यात वितळून जायला हवी होती. वितळली नव्हती. साडूनं माझ्याकडे दिली, म्हणाला, घरात नको, आईला दिसेल.

चष्मिस, हात पुढे कर. नाही रे, पाल नाही. ती बडबडीकडे आहे. घे. ओळखलास? त्या संध्याकाळी आणलेला नवाकोरा पंप. दोनदाच वापरलेला.

दाब बरं.

अजून दाब.

...काही नाही ना? रिकामा आहे. शेवटच्या फुस्सपर्यंत कोणीतरी ओढलाय.

आता तोंडाशी लावायच्या टोकावरून अंगठा फिरव. हळू.

लागतात ना... दातांच्या खुणा?